कुंकवाची बाजू

घर बघायला गेलो तेव्हा काकांनी भाडं सांगितलं नाही, डिपॉझिट सांगितलं नाही, किती माणसं राहणार तेही विचारलं नाही. आधी माझ्याकडं बघितलं, मग आमच्या ह्यांच्याकडं बघितलं आणि आतल्या दिशेनं काकूंना ओरडून सांगितलं, "ही नऊ-आठ. हा बारा-चार. राहू दे, जमंल ह्यांचं."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. आमचे हे तर दारातच चपला शोधायला लागले. पण गारखेड्यात एवढा मोठा हौद असलेलं घर सहजासहजी मिळत नसतं. जिथं नळाला पाणी आठवड्याच्या आठवड्याला येतं, तिथं घरमालक शहाणा का वेडा हे बघायचं नसतं, हौद बघायचा असतो. आम्ही वरच्या मजल्यावर राहिलो.

काका मूळचे देवगाव रंगारीचे. शेती भावाकडं सोपवून सरकारी नोकरीत आले आणि धरणांचे नकाशे काढण्यात जन्म घालवला. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, काका इंजिनाला लागले. कॉलेजात असताना छोटी विमानं उडवायचा नाद होता म्हणे, तो संसारात दबून राहिला होता, तो उफाळून वर आला. मुठीत मावेल एवढं खरं इंजिन, त्याच्या नाकावर पंखा आणि मागं हलक्या लाकडाचं नारिंगी विमान. दोन बारीक तारा विमानापासून माणसाच्या हातातल्या मुठीपर्यंत येतात. माणूस मधे उभा राहून स्वतःभोवती फिरतो आणि विमान त्याच्याभोवती गोल उडतं. निदान तसं उडायला पाहिजे.

काकांचा खरा जीव मात्र विमानात नव्हता, पंख्यात होता. "पंखा म्हणू नको," ते चिडायचे. "पंखा छताला असतो. हा प्रोपेलर." मी मुद्दाम पंखाच म्हणायची.

तर ह्या पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला लांबीचा, दुसरा पिळाचा. पीळ म्हणजे एका फेऱ्यात तो हवेत किती पुढं घुसंल, स्क्रू लाकडात घुसतो तसा. लांबी जास्त आणि पीळ कमी असला की दमानं चालतो पण ओढतो लई. लांबी कमी आणि पीळ जास्त असला की वेग भन्नाट, पण जमीन सुटता सुटत नाही. हे सगळं त्यांनी मला जिन्यात अडवून सांगितलं. माझ्या कडेवर दळणाचा डबा होता आणि गिरणी बंद व्हायला आली होती.

"म्हणजे मी नऊ-आठ, ते काय?" मी विचारलं.

"नुसता पीळ!" काका खूष होऊन म्हणाले. "लासूर स्टेशनची ना तू? तुमच्याकडचा सुंभ जळतो, पीळ जात नाय."

आता मी तिखट आहे हे माझ्या माहेरचे-सासरचे दोन्हीकडचे सांगतात, पण आकडा काढून कुणी सांगितलं नव्हतं. आमचे हे बारा-चार, म्हणजे ओढतील, चढ चढतील, पण घाई म्हणून करणार नाहीत. हे तर मी सोन्याच्या अक्षरात लिहून घेतलं असतं. कॉलनीचे अध्यक्ष सहा-दोन. "आवाज लई, ओढ नाय." महिला मंडळाच्या ताई चौदा-दहा. "बाईला आपलं इंजिन पुरायचं नाय, ट्रॅक्टरचं लागंल." समोरचे चाचा, ज्यांनी चपलांचं दुकान पोरांच्या हवाली केलं होतं आणि दिवसभर काकांच्या ओट्यावर बसायचे, ते दहा-सहा. "एकदम नॉर्मल माणूस." चाचांना ह्याचा फार अभिमान होता. कुणी काही बोललं की म्हणायचे, "मेरेकू नक्को सिखाव, मैं दहा-सहा हूं."

काकूंचा आकडा मात्र त्यांनी कधी सांगितला नाही. विचारलं की म्हणायचे, "चाचणी चालू आहे." लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती.

दुसरं खूळ तोल बघायचं. पंख्याच्या भोकातून तार घालून दोन स्टीलच्या ग्लासांवर आडवी ठेवायची, जड पातं खाली जातं, ते पॉलिश पेपरनं घासायचं, परत ठेवायची. काकूंना सकाळचा चहा गाळायला ग्लास मिळायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत बसले तरी चमचा बोटावर तोलून बघणार. आणि कुणाच्याही घरी गेले की आधी मान वर.

माझ्या नणंदेला बघायला वैजापूरचे पाहुणे आले होते. पोहे पुढं ठेवलेले, नणंद खाली मान घालून बसलेली, आणि काका हातात चिकटपट्टी घेऊन आत. "येऊ का? तुमच्या पंख्याचा आवाज खाली येतोय. एक पातं हलकं आहे." मी डोळ्यांनी खुणावते, आमचे हे खाकरतात, पण काका स्टुलावर चढलेसुद्धा. रुपयाचं नाणं पात्यावर चिकटवलं, उतरले, पंखा लावला आणि मुलाच्या बापाला म्हणाले, "आता बघा, लोण्यासारखा." तेवढ्यात नाणं सुटलं आणि टण्णकन मुलाच्या बापाच्या पोह्यांच्या बशीत पडलं. मी मनात म्हटलं, गेलं स्थळ! बापानं नाणं उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "वरून लक्ष्मी पडली. आमची पसंती आहे." नणंद आज दोन पोरांची आई आहे. काका तिला भेटले की अजून विचारतात, "पंखा कसा चालतोय?"

आमचा खरा जाच एरंडेलाचा. ह्या इंजिनाच्या इंधनात एरंडेल असतं, आणि इंजिन चालू झालं की ते धुराड्यातून बारीक फवाऱ्यानं बाहेर पडतं. अंगणात इंजिन आणि वर गच्चीत आमचे कपडे. माझ्या मुलीला शाळेत बाई म्हणाल्या, "पोट साफ होत नाही का गं तुझं?" इंजिन सुरू करायला पंख्याला फटका मारावा लागतो, बोट घातलं तर बोट जातं, म्हणून काकांनी काकूंचं लाटणं घेऊन त्यावर गॅसची नळी चढवली होती. काकू पोळ्या बाटलीनं लाटायच्या.

"अहो, दुकानात दुसरं लाटणं मिळतं," काकू म्हणायच्या.

"मिळतं ना. घे की तू एक."

तर एवढा सगळा सरंजाम, आणि विमान काही उडेना. आम्ही राहायला आल्यापासून एकदाही नाही. काका पंखे कोरायचे स्वतःच्या हातानं, सागाचे, एकाहून एक देखणे. विमानाच्या शेपटाला दोरी, दोरीला सामान तोलायचा हुकाचा काटा, आणि काटा फाटकाला अडकवलेला. इंजिन चालू केलं की विमान पुढं ओढणार आणि काट्यावर ओढ कळणार. काटा वाचायचं काम माझं. आकडा चांगला आला तरी काका डोकं हलवणार. "ओढ आहे, पण इंजिन तापतंय. इंजिनाला झेपंल तेवढाच संसार द्यावा." दुसरा लावला की, "इंजिन मोकळं पळतंय, घास घेत नाय." मुलगी बघणाऱ्या हट्टी पोरासारखं झालं होतं, नकार द्यायला काही ना काही सापडायचंच. "काका, एखादा लावा आणि उडवा की," मी म्हणायची. "नऊ-आठ," ते नुसते म्हणायचे. म्हणजे गप्प बस.

आणखी एक सांगायचं राहिलं. काका अलीकडं दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या साडीला "या, बसा" म्हणायचे. पेपर माझ्याकडून वाचून घ्यायचे, चष्मा नेहमी कुठंतरी राहिलेला असायचा. पंखे कोरायचंही बंद केलं होतं. "आता साग चांगला मिळत नाय," म्हणाले. आम्ही सगळे हसायचो. ज्या माणसाचं सगळंच तऱ्हेवाईक, त्याच्या कोणत्या तऱ्हेकडं नीट बघायचं?

त्या वर्षी गणपतीत त्यांचा मुलगा पुण्याहून आला. आम्ही त्याला दादा म्हणायचो. चांगला पोरगा, आईबापाची काळजी असलेला, आणि काळजीवाल्या माणसाला आवरणं फार अवघड. उन्हाळ्यात काका पायरीवरून पडले होते, त्याआधी इंजिनाच्या धुराड्यावर हात भाजून घेतला होता. दादा म्हणाला, "बस झालं बाबा. घर विकू. पुण्यात अकराव्या मजल्यावर तुमची खोली तयार आहे."

"अंगण?" काकांनी विचारलं.

"बाल्कनी आहे."

"बाल्कनीत इंजिन चालवू देतात?"

"बाबा, तुमचं विमान कधी उडलंय तरी का?"

हे लागलं. मी जिन्यात होते, मला दिसलं, काकांचा चेहरा एकदम उतरला. मग ताठ झाले आणि म्हणाले, "दिवाळीत ये. पाडव्याला सकाळी मैदानावर उडवून दाखवतो. उडलं तर ह्या घरातच राहणार, परत विषय काढायचा नाय. नाही उडलं तर सामान बांधतो."

 संध्याकाळी काकू हौदाजवळ उभ्या होत्या, मी विचारलं, "काकू, तुमच्या मनात काय आहे?" तर म्हणाल्या, "माझं काय गं, जिथं हे तिथं मी." आणि पदरानं डोळे पुसले. इतकी वर्षं ज्या इंजिनाला शिव्या घातल्या, त्याच इंजिनासाठी बाई देवीला नवस बोलली, हे मला चाचांच्या बायकोनं सांगितलं. आणि मला विचाराल तर माझाही जीव टांगणीला लागला होता. घर विकलं की आम्ही बाहेर, आणि हौद बिल्डरच्या घशात.

काकांनी नवे पंखे मागवले. काळे, नायलॉनचे, डबाभर. आकडे काळ्यावर काळेच उठवलेले, माझ्या तरण्या डोळ्यांनासुद्धा तिरपे धरून वाचावे लागत. नवरात्रात डबा आला आणि खंडेनवमीला पूजेत मांडला. त्या घरात खंडेनवमीला विळी, कात्री, नट आवळायचे पाने, काटा सगळ्यांना काकू कुंकू लावायच्या, आणि पंख्यांना समोरच्या अंगाला, काकांची तशी शिस्त होती. कुंकवाचं बोट दिसलं की ती पुढची बाजू, इंजिनावर चढवताना ती बाहेर. पूजा झाली, डबा बंद झाला.

दसऱ्यानंतर चाचण्या सुरू झाल्या, आणि एकही पंखा धड ओढेना. सागाचे जुने पंखे काटा दीड किलोच्या पुढं न्यायचे, पण ते इंजिन तापवतात म्हणून काकांनी केव्हाच नापास केले होते, आणि हे नवे एकाच्या आसपास धापा टाकायचे. दहा-सहा लावा, दहा-पाच लावा, अकरा-चार लावा, तेच. काका आधी इंधनावर घसरले, एरंडेलात भेसळ आहे म्हणाले. मग हवेवर घसरले. मग काट्यावर. शेवटी माझ्यावर.

"तू वाचतीस तरी नीट का?"

"काका, मी शाळेत पहिली यायचे."

"लासूरच्या शाळेत!"

मी काटा फाटकावर ठेवला आणि वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी काकूंनी वाटीत शंकरपाळे पाठवले, ते काकांकडून होते असं समजायचं.

दिवाळी आली, दादा आला, आणि येताना रिकामी खोकी घेऊन आला. दोरीनं बांधून गाडीच्या डिकीत ठेवली होती. वाईट हेतू नव्हता त्याचा, पण मला ती खोकी बघून असा राग आला की मी त्याला चकलीसुद्धा दिली नाही.

पाडव्याला सकाळी सगळी कॉलनी मैदानावर. अध्यक्ष खुर्ची घेऊन आले. चाचा विमानाचं शेपूट धरून बसले. काका नवा सदरा घालून, हातात लाटणं. फटका मारला, दुसरा मारला, इंजिन कडाडलं. काका तारांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मधे उभे राहिले, मूठ धरली, हात केला, चाचांनी सोडलं.

विमान निघालं. जमिनीवरनं पळत पळत एक फेरी, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. धूळ उडाली, पोरं ओरडली, पण चाकं काही जमीन सोडेनात. इंधन संपलं आणि ते बिचारं गवताशी जाऊन थांबलं.

"साब," चाचा हळूच म्हणाले, "ये हवाईजहाज नै, मुर्गी हो गई."

कुणी हसलं नाही. अध्यक्षही नाहीत. दादा काकांजवळ गेला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, राहू द्या आता." काकांनी मूठ खाली ठेवली. "व्हय," म्हणाले. "बांध सामान." तो आवाज मी त्या माणसाचा कधी ऐकला नव्हता. 

तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. पाडव्याचं ओवाळायचं राहिलं होतं. म्हणाल्या, "थांबा. आधी विमानाला कुंकू लावते, मग तुम्हाला ओवाळते. एवढं पळालं बिचारं." आजवर इंजिन सुरू झालं की ही बाई खिडकी लावून आत बसायची, विमानाच्या नाकासमोर कधी आली नव्हती. आता वाकली आणि तशीच राहिली.

"अहो, हा पंखा उलटा का लावलाय?"

"उलटा? कुंकू समोर आहे की."

"समोर कसं असंल? मी तर कुंकू मागं लावलं होतं."

"मागं?" काका म्हणाले. "दरवर्षी समोर लावतीस ना तू?"

"दरवर्षी तुमचे सागाचे असतात, कोरे. ह्यांच्या समोर अक्षरं आहेत. अक्षरांवर कसं लावू कुंकू? सरस्वती असती ती. पुसट झाली असती. म्हणून पाठीला लावलं."

मी कपाळावर हात मारला. दसऱ्यापासून मी शेपटाकडं उभी राहून काटा वाचत होते आणि पंख्यावरचे आकडेही तिथनंच वाचत होते, आणि ते माझ्याकडं तोंड करून का आहेत हा प्रश्न शाळेत पहिल्या येणाऱ्या बाईला पडला नव्हता! पंखा उलटा बसवला तरी विमान जातं पुढंच, म्हणून कळतही नाही. नुसतं बळ जातं.

"पण तुम्हाला आकडे दिसले नाहीत?" काकूंनी विचारलं. मग त्यांचा आवाज बदलला. "अहो, तुम्हाला दिसत नाय का?"

  मला माझी साडी आठवली, "या, बसा."

"दिसतं की," काका म्हणाले. "लाल दिसतं."

"आणि बोटं?" मी न राहवून बोलले. "काका, तुमच्या बोटाला पात्याचा उतार कळत नाही? तुम्हाला?"

"बोटं रोज सांगत होती," काका म्हणाले. "पण हिचं कुंकू चुकंल असं वाटलं नाय."

काकूंच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. "माझ्यामुळं झालं सगळं," म्हणाल्या. दादाचाही चेहरा पडला होता, पण काळजीवाला तो, लगेच सावरला. "म्हणजे बाबा, तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही हे फिरतं पातं..."

"तू गप," काकू म्हणाल्या. ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला. "आधी उडू दे. मग बोल काय बोलायचं ते. अहो, काढा तो, सुलटा करा."

काकांनी पाना लावला, पंखा काढला, अंगठा पात्यावरनं फिरवला, आणि सुलटा बसवला. चाचांनी इंधन भरलं. काका मधे जाऊन उभे राहिले, आणि काकू त्यांच्यामागं. दोन्ही हात काकांच्या खांद्यांवर.

"तू कशाला?"

"मी सांगते कुठं आहे ते."

"हाताला कळतंय मला."

"कळू द्या. मी इथंच आहे."

चाचांनी सोडलं. ह्या वेळी आवाजच वेगळा होता, भरलेला, दमदार. अर्धी फेरीही झाली नाही आणि चाकं सुटली. आधी टाचेएवढी, मग गुडघ्याएवढी, आणि मग ते नारिंगी विमान सगळ्यांच्या डोक्यावर आलं. कॉलनी बेभान झाली. अध्यक्ष खुर्चीवर चढले. मी ताट हातात घेऊन नाचत होते, निरांजन कधी विझलं ते कळलं नाही. आणि मधे ती दोघं, काका पुढं, काकू मागं, गरागरा फिरतायत. "वर... वर घ्या... झाडाकडं गेलं... आता आपल्या घराकडं..." "अगं कळतंय!" "आता खाली... अहो खाली!"

इंधन संपलं, विमान अलगद उतरलं, आणि चक्कर येऊन दोघंही मैदानात खाली बसली. काकू हसत होत्या का रडत होत्या, सांगता येत नाही. चाचा धावत आले. "काय साब, मुर्गी उड गई!"

मी निरांजन परत लावून ताट दिलं. काकूंनी बसल्या बसल्याच ओवाळलं. काका खिसे चाचपायला लागले. "ओवाळणी काय घालू? पाकीट घरी राहिलं."

"डोळ्यांचं ऑपरेशन घाला," काकू म्हणाल्या.

काकांनी सगळ्यांकडं बघितलं, म्हणजे सगळ्यांच्या दिशेनं बघितलं. सुटायला जागा नव्हती. "घातलं," म्हणाले. दादा गाडीकडं गेला. संध्याकाळी त्याच खोक्यांतनं त्यानं आमच्याकडं फराळ आणून दिला.

दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटल्यावर काकांनी आधी घराचा रंग बघितला, "हा पोपटी कुणी दिला?" म्हणाले. तो त्यांनीच दिला होता. मग मला बघितलं आणि म्हणाले, "नऊ-सात. थोडा पीळ कमी आहे, मी उगाच घाबरत होतो."

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आम्ही त्याच घरात केली. पाटावर विळी, कात्री, काटा, नवं लाटणं, आणि तो काळा पंख्यांचा डबा. काकांना आता मुंगीचे पाय मोजता येत होते. काकू कुंकवाची वाटी घेऊन बसल्या, पहिला पंखा उचलला, हे अंग बघितलं, ते अंग बघितलं, आणि बोट तसंच अधांतरी.

"अहो," त्या म्हणाल्या, "सांगा बाई एकदाचं. कोणत्या बाजूला लावू?"

काकांनी पेपरातनं डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"तुला वाटंल तिकडं लाव," म्हणाले. "मी विमान उलटं बसवीन."